दुधाचे माप कोणाच्या हाती?

दुधात पाणी घालण्याचा उद्योग फार जुना आहे. तो खात्रीने पकडण्याचे साधन मात्र एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत शेतकऱ्याकडे नव्हते आणि कारखानदाराकडेही नव्हते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात तेव्हा लोणी आणि चीजचे कारखाने उभे राहत होते आणि दुधाचा भाव वजनावर दिला जात होता. म्हणजे पाणी घालणारा फायद्यात आणि जनावराला चांगले खाऊ घालून दाट दूध आणणारा तोट्यात. १८९० मध्ये तिथल्या विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ स्टीफन बॅबकॉक यांनी यावर सोपा उपाय काढला. मोजून घेतलेल्या दुधात गंधकाम्ल घालायचे, बाटली वेगाने फिरवायची आणि वर आलेल्या स्निग्धांशाचा थर बाटलीच्या मानेवरच्या खुणांवर वाचायचा. याच सुमारास स्वित्झर्लंडमध्ये निकलाउस गर्बर यांनी अशीच पद्धत बसवली. गावोगावच्या दूध संस्थांत कित्येक वर्षे दिसणारी लांब मानेची काचेची नळी, अॅसिडचा झणझणीत वास, हाताने फिरवायचे ते यंत्र, हे सगळे गर्बर यांचे देणे. बॅबकॉक यांनी आपल्या शोधाचे पेटंट घेतले नाही.

इतिहासाच्या पुस्तकांत या बाटलीला फारशी जागा मिळालेली नाही, पण आधुनिक दूधधंदा तिच्यावरच उभा आहे. दर फॅटवर ठरू लागला, तसे पाणी घालण्यात राम उरला नाही. कोणती गाय ठेवायची आणि कोणती काढायची, हेही फॅट पाहून ठरू लागले. डेन्मार्कच्या शेतकऱ्यांनी तर त्याच्याही पुढचे पाऊल टाकले. त्यांची पहिली सहकारी डेअरी १८८२ मध्ये ह्येडिंग या गावात निघाली आणि १८९५ मध्ये वायेन येथे शेतकऱ्यांनी एक मंडळ स्थापन केले. मंडळाचा पगारी माणूस गोठ्यागोठ्यांत फिरे, प्रत्येक गाईचे दूध मोजे, फॅट तपासे आणि तिने काय, किती खाल्ले तेही वहीत लिही. एवढे खाऊन ही गाय लोणी किती देते, हा हिशेब गाईगणिक मांडला जात होता. वही शेतकऱ्यांच्या मंडळाची होती आणि तो माणूस त्यांचाच नोकर होता.

आज ‘शाश्वत दूधपुरवठा साखळी’साठी डिजिटल तंत्रज्ञानाचा जो डंका पिटला जातो आहे, त्याच्या मुळाशी हीच वही आहे. कानातला बिल्ला, मोबाईलमधले अॅप, संकलन केंद्रावरचे दुधाची प्रत तपासणारे मिल्कोमीटर, टँकरमधला तापमान नोंदवणारा सेन्सर ही सगळी मोजण्याचीच साधने. मोजल्याशिवाय नासाडी, खर्च आणि प्रदूषण यांतले काहीच कमी होत नाही, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण गेल्या सव्वाशे वर्षांचा दुधाचा इतिहास पाहिला तर दिसते ते असे की मोजणी ज्याच्या ताब्यात, तिचा लाभही त्यालाच होतो. यंत्र किती अद्ययावत आहे, हा प्रश्न त्यानंतरचा.

याचा सर्वांत जवळचा पुरावा गुजरातमधल्या खेडा जिल्ह्यात आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मुंबईला दूध पुरवण्यासाठी सरकारने योजना आखली आणि आणंद परिसरातले दूध गोळा करण्याचा मक्ता व्यवहारात पोल्सन या खाजगी कंपनीकडे गेला. मुंबईत दर काय, डेअरीत फॅट किती लागले आणि मधल्या ठेकेदाराने काय कापून घेतले, यातले काही शेतकऱ्याला कळत नसे. सरदार पटेलांनी सल्ला दिला, ४ जानेवारी १९४६ रोजी समरखा गावी मोरारजी देसाईंच्या अध्यक्षतेखाली सभा झाली आणि शेतकऱ्यांनी पंधरा दिवस दूध घालणे बंद केले. १४ डिसेंबर १९४६ रोजी खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची नोंदणी झाली. त्रिभुवनदास पटेल अध्यक्ष झाले आणि १९४९ मध्ये तरुण अभियंता व्हर्गीस कुरियन आणंदला येऊन पोचले. १९५५ मध्ये दुग्धतंत्रज्ञ एच. एम. दलाया यांच्या प्रयत्नांतून म्हशीच्या दुधाची भुकटी तयार होऊ लागली. जगातल्या जाणकारांनी तोवर हे अशक्य ठरवले होते. हिवाळ्यात दूध उदंड येते आणि गिऱ्हाईक तेवढेच राहते. अशा वेळी ते दूध ओतून द्यावे लागू नये, याची सोय भुकटीने केली. नासाडी टाळणे म्हणजेच शाश्वतता असेल, तर हिंदुस्थानातल्या दुधापुरती ती या भुकटीपासून सुरू झाली म्हणायला हवे.

खरा बदल मात्र गावातल्या संस्थेच्या दारात झाला. दूध घालणाऱ्याच्या डोळ्यांदेखत माप, डोळ्यांदेखत सॅम्पल, फॅटवर दर आणि सकाळच्या दुधाचे पैसे संध्याकाळी हातात. जात, शिक्षण आणि जमीन न बघता सगळे एकाच रांगेत उभे. पुढे १९७० ते १९९६ या काळात ‘ऑपरेशन फ्लड’ या दुग्धविकास कार्यक्रमाने हाच नमुना देशभर नेला. १९५०-५१ मध्ये देशात सुमारे १.७ कोटी टन दूध होत असे. २०२३-२४ मध्ये ते २३.९ कोटी टनांवर गेले. १९९८ पासून भारत दूध उत्पादनात जगात पहिला आहे. या वाढीचे श्रेय धवलक्रांती, संकरित गाई आणि शीतकरण यांना आपण देतोच. संस्थेच्या दारातल्या त्या डोळ्यांदेखतच्या मापाला ते क्वचितच देतो.

मुंबईचा अनुभव याच्या अगदी उलटा होता आणि तोही विसरू नये. शहरातल्या तबेल्यांत लांबून चांगल्या जातीच्या म्हशी आणल्या जात, वेत संपेपर्यंत दूध काढले जाई आणि भाकड झाली की म्हैस कत्तलखान्यात जाई. पुन्हा गाभण ठेवून सांभाळायला शहरात ना जागा, ना परवडणारी वैरण. उत्तम दुधाळ वाण असे शहराच्या पोटात वर्षानुवर्षे नाहीसे होत गेले. सरकारी दूध अधिकारी दारा खुरोदी यांच्या पुढाकाराने १९४९ मध्ये आरे दूध वसाहत उभी राहिली, तिच्यामागे ही कारणेही होती. कुरियन, त्रिभुवनदास आणि खुरोदी यांना १९६३ चा मॅगसेसे पुरस्कार एकत्र मिळाला. पण खेड्यातल्या संस्थेचा नमुना देशभर पोचला आणि आरे मागे पडली, कारण आरे सरकारी खात्याची होती, दूधवाल्यांची नव्हती.

संगणक दुधात आला तो नव्वदच्या दशकात, पुन्हा गुजरातमधूनच. ‘आकाशगंगा’सारख्या प्रणालींनी इलेक्ट्रॉनिक वजनकाटा, फॅट तपासणारे यंत्र आणि संगणक एकत्र जोडले. कार्ड लावले, दूध ओतले की लिटर, फॅट, दर आणि रक्कम असलेली चिठ्ठी हातात येऊ लागली. अॅसिडची नळी गेली, रांग लवकर सरू लागली आणि वाट बघता बघता नासणारे दूध वाचले. तासभर आधी दूध शीतकरण टाकीत गेले आणि चार अंश सेल्सिअसपर्यंत उतरले, तर त्यातल्या जिवाणूंची वाढ खूप मंदावते. उन्हाळ्यात हाच एक तास टँकरभर दूध फुकट जाण्यापासून वाचवू शकतो. महाराष्ट्रात सांगली जिल्ह्यातल्या भिलवडीच्या चितळे डेअरीने जनावरांच्या कानात रेडिओ लहरींवर ओळख पटवणारे टॅग बसवले आणि लसीकरण, माज, गाभणपण यांच्या नोंदी संगणकात ठेवायला सुरुवात केली, तेव्हा देशात बहुतेकांना या गोष्टीची कल्पनाही नव्हती. १९३९ मध्ये सुरू झालेल्या या डेअरीने पुढे परदेशी कंपनीच्या भागीदारीत लिंगनिश्चित रेतमात्रांच्या कामातही पाऊल टाकले. हे काम खाजगी आहे, पण दूध देणाऱ्या जनावराचा सलग हिशेब ठेवला की काय साधते, याचा नमुना म्हणून ते पाहण्यासारखे आहे.

सहकार म्हटले की सगळे पवित्र, असे समजायचे कारण नाही. दूध संघांच्या निवडणुकांत किती डिझेल जळते, हे पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकाला सांगायला नको. शिवाय आज राज्यात संकलित होणारे बहुतांश दूध खाजगी डेअऱ्यांकडे जाते. तिथे संकलन केंद्र एजंटाचे, मिल्कोमीटर एजंटाचे, दरपत्रक डेअरीचे. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले इतर घन घटक) हा पाया धरून दर ठरतो आणि त्याखाली उतरलेल्या प्रत्येक पॉइंटला कपात होते. यंत्रातली एका पॉइंटची चूक दहा दिवसांच्या दूधबिलात जाणवावी इतकी मोठी होते. म्हणूनच दूध उत्पादकांच्या आंदोलनांत दरवाढीच्या बरोबरीने मिल्कोमीटर आणि वजनकाट्यांच्या तपासणीची मागणी वर्षानुवर्षे होत आली आहे. काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का असतो. मिल्कोमीटरच्या आत कोणती दुरुस्ती बसवून ठेवली आहे, हे बाहेरून दिसत नाही. अॅसिडच्या नळीतला थर निदान स्वतःच्या डोळ्यांनी वाचता येत असे. पडद्यावरचा आकडा मुकाट्याने मान्य करावा लागतो. या एका बाबतीत आपण १९४६ च्या मागे गेलो आहोत, असे माझे स्पष्ट मत आहे.

यंत्रावर भोळा विश्वास ठेवल्याने काय होते, हे चीनने २००८ मध्ये दाखवले. दुधातले प्रथिन मोजण्यासाठी प्रत्यक्षात नायट्रोजन मोजला जातो. ही पद्धत कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केल्डाल यांनी १८८३ मध्ये शोधली. पाणी घातलेल्या दुधात मेलामाइन मिसळले की नायट्रोजनचा आकडा वाढतो, हे तिथल्या दूध गोळा करणाऱ्यांनी ओळखले. सान्लू कंपनीच्या बाळदुधासह अनेक कंपन्यांच्या मालात ते सापडले. सुमारे तीन लाख बाळे आजारी पडली आणि सहा दगावली. तपासणी झाली नव्हती असे नाही. चुकीची गोष्ट नेमकेपणाने मोजली जात होती. आपल्याकडे फॅट आणि एसएनएफवर दर असल्यामुळे भेसळही त्याच दोन आकड्यांभोवती फिरते. फॅटसाठी तेल आणि एसएनएफसाठी साखर किंवा व्हे पावडर, हे प्रकार अन्न व औषध प्रशासनाच्या छाप्यांत सापडत आले आहेत. पुढच्या काळात ‘दर लिटरमागे कार्बन’ असा आणखी एक आकडा दराला चिकटणार असेल, तर त्याभोवतीही अशीच कारागिरी उगवेल, हे आत्ताच गृहीत धरलेले बरे.

हवामानाचा प्रश्न दुधाला लागू होतो तो मुख्यतः मिथेनमुळे. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात चारा आंबतो आणि त्यातून मिथेन तयार होतो. तो बहुतेक सगळा ढेकरेतून बाहेर पडतो. वीस वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट तापवतो. हे ऐकून आपल्याकडे दोन टोकाच्या प्रतिक्रिया येतात. एक म्हणजे गाय दोषी ठरवायची, आणि दुसरी म्हणजे सगळे पाश्चात्त्यांचे कारस्थान म्हणून सोडून द्यायचे. भारताने २०२१ च्या जागतिक मिथेन प्रतिज्ञेवर सही केली नाही, आणि अल्पभूधारकांच्या उपजीविकेचा विचार करता ते चुकले असे मी म्हणणार नाही. पण गोठ्यातला हिशेब वेगळा आहे. निकृष्ट, चिवट चाऱ्यावरच्या जनावराने खाल्लेल्या ऊर्जेपैकी सहा-सात टक्के मिथेन होऊन निघून जातात. म्हणजे सरकी पेंडीच्या प्रत्येक पोत्यातला थोडा भाग शेतकरी हवेत सोडतो, तोही उधारीवर आणलेल्या पोत्यातला.

तो कमी करायचा मार्ग परदेशातून आणायची गरज नाही. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने राष्ट्रीय डेअरी आराखड्यात, म्हणजे २०१२ ते २०१९ या काळात, संतुलित आहाराचा कार्यक्रम राबवला. गावातलाच प्रशिक्षित माणूस, कित्येक ठिकाणी बाई, गोठ्यात येते. टेपने जनावराची छाती मोजून वजनाचा अंदाज घेते. दूध किती, फॅट किती, घरात कडबा आहे की मका, पेंड कोणती मिळते, हे सारे संगणकात भरते. मग संगणक सांगतो की हे इतके कमी करा, खनिज मिश्रण एवढे घाला, हिरवे एवढे वाढवा. बऱ्याच गोठ्यांत निघाले ते असे की पेंड जास्त जाते आहे आणि खनिजे कमी. लाखो जनावरांवर हे काम झाले. खर्च घटला, दूध थोडे वाढले आणि दर लिटरमागे मिथेन दहा ते पंधरा टक्क्यांच्या घरात कमी झाला, असे मंडळाच्याच अभ्यासांतून पुढे आले. १८९५ च्या वायेनमध्ये पगारी माणूस जे करत होता तेच हे काम, वहीच्या जागी संगणक एवढाच फरक. शाश्वत दुधाबद्दलच्या चकचकीत सादरीकरणांत या कार्यक्रमाचा उल्लेख फारसा नसतो. त्यात विकण्यासारखे यंत्र नाही, कदाचित म्हणून.

मिथेनची दुसरी बाजू राजकीय आहे, त्यामुळे तिच्याबद्दल बोलायला सगळे कचरतात. दूध न देणारे जनावरही मिथेन सोडते. महाराष्ट्रात प्राणी संरक्षण सुधारणा कायदा २०१५ मध्ये लागू झाला आणि गोऱ्हे-बैलांचीही कत्तल बंद झाली. ट्रॅक्टरमुळे बैलाचे काम गेले होतेच. संकरित गाईचा गोऱ्हा आता गोठ्यावरचा निव्वळ भार आहे, आणि भाकड गाईचीही तीच गत. उरुळी कांचनला मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये बाएफ ही संस्था स्थापन करून कृत्रिम रेतन आणि संकरित गाय शेतकऱ्याच्या दारात नेली. त्या काळी निम्मी वासरे नर निघणार, हे कोणाला ओझे वाटले नसते. आज लिंगनिश्चित रेतनामुळे बहुतेक कालवडीच होतात. भाकड आणि अनुत्पादक जनावरांची संख्या कमी ठेवणारे हेच सर्वांत प्रभावी तंत्र आहे. मात्र कोणत्या गाईला कोणत्या वळूचे वीर्य दिले आणि तिची मुलगी किती दूध देते, याची नोंद नसेल तर ते तंत्रही अंधारात दगड मारल्यासारखे होते. इथे डिजिटल नोंद खरोखर हवी.

आणि ती नोंद आता होते आहे. बारा अंकी क्रमांकाचा पिवळा बिल्ला, लोकांच्या भाषेत ‘जनावराचे आधार’, देशभरात ३० कोटींहून अधिक जनावरांच्या कानात लागला आहे आणि माहिती ‘भारत पशुधन’ या प्रणालीत जाते. २०२२ मध्ये जनावरांत लम्पी त्वचारोगाची साथ आली तेव्हा लसीकरणाच्या नोंदींचे महत्त्व सगळ्यांना कळले. लाळ्या-खुरकुताच्या लसीकरणातही या बिल्ल्याचा उपयोग होतो. आजारी जनावर दूध कमी देते आणि खाते तेवढेच, त्यामुळे रोग आटोक्यात ठेवणे हेसुद्धा हवामानाचेच काम आहे.

पण याच बिल्ल्याचा दुसरा चेहरा महाराष्ट्राने २०२४ मध्ये पाहिला. गाईच्या दुधाचे दर कोसळले तेव्हा राज्य सरकारने लिटरमागे पाच रुपये अनुदान जाहीर केले. डेअरीने दुधाला किमान २७ रुपये द्यावेत, पैसे बँकेतूनच जावेत आणि शेतकऱ्याचे आधार, बँक खाते व जनावराचा बिल्ला जोडलेला असावा, अशी अट होती. हेतू चांगला होता. बोगस दूध दाखवून अनुदान लाटू नये, एवढाच. प्रत्यक्षात ज्यांच्या जनावरांना बिल्ला नव्हता, ज्यांचा बिल्ला कुंपणात अडकून पडला होता, ज्यांची माहिती डेअरीने वेळेत भरली नव्हती, ते शेतकरी रांगेबाहेर राहिले. गाय गोठ्यात उभी होती, दूध डेअरीत गेले होते, पण संगणकात ती गाय नव्हती. नोंद भरायची जबाबदारी डेअरीची आणि दंड मात्र शेतकऱ्याला, अशी ही रचना होती.

आता पुन्हा डेन्मार्ककडे पाहू. त्या देशाने २०२४ मध्ये जनावरांच्या उत्सर्जनावर कर लावण्याचे ठरवले. २०३० पासून तो लागू होणार आहे. टनामागे ३०० क्रोनर, आणि सवलत धरून प्रत्यक्षात १२० क्रोनर. हा करार शेतकरी संघटना टेबलाच्या एका बाजूला बसवून झाला, आणि गाईगणिक नोंदीचा त्यांचा शतकाहून जुना संग्रह त्यांच्याच संस्थांकडे होता. आकडा माहीत असणाऱ्याशी सरकारला बोलणी करावीच लागतात. आपल्याकडे असा कर येणार नाही आणि येऊही नये. येणार आहेत ते कार्बन क्रेडिटचे, म्हणजे वाचवलेल्या उत्सर्जनाच्या मोबदल्याचे करार. गुजरातमधल्या झकरियापुरासारख्या गावात घरोघरी गोबरगॅस आणि स्लरीच्या विक्रीची व्यवस्था महिलांनी उभी केली आहे. शेणातून निघणाऱ्या मिथेनचे पैसे तिथे स्वयंपाकघरात आणि शेतात वळतात. अशा कामांमागे मोठ्या कंपन्या आणि सल्लागार संस्था आता रांग लावून उभ्या आहेत. त्यांना हवी आहे ती गोठ्यातली माहिती, म्हणजे किती जनावरे, काय खातात, किती दूध देतात. ही माहिती देणारी बहुतेक ठिकाणी धारा काढणारी बाई असते आणि संस्थेच्या सभासद यादीत नाव तिच्या नवऱ्याचे.

२०२३ चा व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा माणसाच्या माहितीचा विचार करतो. गाईच्या वेताची, आहाराची आणि ढेकरेची नोंद कोणाच्या मालकीची, यावर तो गप्प आहे. ही पोकळी भरण्याचे काम राज्याच्या दुग्धविकास खात्याने करायला हवे आणि त्याला फार पैसाही लागत नाही. गावातल्या मिल्कोमीटरची अचानक तपासणी करून निकाल केंद्रावर लावावा. दुधाची आणि जनावराची प्रत्येक नोंद शेतकऱ्याच्या मोबाईलवर त्याच दिवशी, मराठीत जावी. ती चुकली तर दुरुस्त करायला पंधरा दिवस द्यावेत आणि तोवर पैसे अडवू नयेत. संतुलित आहाराचे काम करणाऱ्या गावातल्या बाईला मानधन द्यावे, टॅबलेट नंतर दिला तरी चालेल.

कार्बन क्रेडिटचा कागद घेऊन कोणी गोठ्यात आले, तर दूध उत्पादकांनी त्यात दोनच गोष्टी शोधाव्यात: माहिती कोणाच्या नावे राहणार आणि लिटरमागे किती पैसे आपल्या खात्यात येणार. या दोन्ही गोष्टी मराठीत, आकड्यांत छापलेल्या नसतील, तर सही करू नये.